डेटाबेसचं बिऱ्हाड

गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. एक कॉलेजातला मित्र, एक जुना टीममेट आणि एक मावसभाऊ. या मावसभावाचा डेटाबेसशी संबंध एवढाच, की त्याचा मॅनेजर मीटिंगमध्ये तो शब्द उच्चारतो. प्रश्न असा: "आमच्याकडे सगळे डेटाबेस व्हीएमवरून काढून कंटेनरमध्ये टाकायचं चाललंय. करावं का?"

तिघांनाही मी उलट विचारलं, "पण का करायचंय?" आणि तिघांचीही उत्तरं फिरून फिरून एकाच ठिकाणी आली. व्हीएमवेअरचं बिल.

म्हटलं, चला, हा शनिवार यावरच घालवू. एरवी मी इथे सिनेमा, ट्रेक असलं लिहितो, पण हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय आणि ऑफिसात त्यावर बोललं की लगेच "निगेटिव्ह बोलू नकोस" असं ऐकावं लागतं. मी निगेटिव्ह नाही हो. पुढे कळेलच.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. (ज्यांचा आहे त्यांनी तोवर चहा टाकून यावा.) व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एका दांडग्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभी केलेली अनेक खोटी-खोटी मशीन्स. प्रत्येकीत स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम, स्वतःचं कर्नल. कंटेनर म्हणजे छोटी व्हीएम, असं बरेच लोक समजतात, पण तसं नाही. कंटेनर ही लिनक्सवर चालणारी साधी प्रोसेसच असते. कर्नलने तिच्याभोवती आडोसे घातलेले असतात आणि तिला मेमरी नि सीपीयूचं रेशन ठरवून दिलेलं असतं, इतकंच. व्हीएम म्हणजे स्वतंत्र बंगला, तर कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. दार आपलं, भिंती आपल्या, पण नळ नि जिना सामाईक. आणि असे शेकडो कंटेनर कुठल्या मशीनवर चालवायचे, मेला तर पुन्हा कुठे उठवायचा, हे बघणारा चाळीचा मॅनेजर म्हणजे कुबरनेटीस.

साधं वेब ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये मजेत राहतं, कारण त्याचं विंचवासारखं असतं, बिऱ्हाड पाठीवर. इथे मारलं, तिथे उठवलं, कुणाला पत्ता लागत नाही. डेटाबेस म्हणजे तीन पिढ्यांचा संसार. माळ्यावर काय काय ठेवलंय ते घरातल्या एकाच माणसाला माहीत असतं. ते बिऱ्हाड हलवायचं तर टेम्पो बोलावण्याआधी दहा गोष्टी बघाव्या लागतात.

आता बिलाची गोष्ट. व्हीएमवेअर १९९८ सालची कंपनी. गेली वीसेक वर्षं मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये "व्हीएम" म्हणजे जवळपास व्हीएमवेअरच, इतकी ती रुजली. ब्रॉडकॉमने ती विकत घेण्याचा सौदा मे २०२२ मध्ये जाहीर केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुरा केला. पुढच्याच महिन्यात एकदा पैसे भरून कायमचं लायसन्स घ्यायची पद्धत बंद झाली. आता सबस्क्रिप्शन, तेही मोजक्या मोठ्या पॅकेजमध्ये. नूतनीकरणाचं कोटेशन बघून भल्याभल्यांना घाम फुटला. मग कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणतं, "नाहीतरी ॲप्स कुबरनेटीसवर गेलीच आहेत, डेटाबेसही टाका तिकडेच, व्हीएमवेअरचा विषयच संपवू." झालं. प्रोजेक्टला नाव मिळतं, तारीख मिळते, लोगोसुद्धा मिळतो.

माझं म्हणणं साधं आहे. बिल वाढलं हे व्हीएमवेअर सोडण्याचं कारण असू शकतं, कंटेनरमध्ये जाण्याचं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडं वाढलं म्हणून घर बदलणं समजू शकतो, पण म्हणून कुणी जहाजावर राहायला जात नाही. व्हीएमच हवी असेल तर केव्हीएम आहे, प्रॉक्समॉक्स आहे, हायपर-व्ही आहे, न्यूटॅनिक्स आहे. तिथे डेटाबेसला काही कळणारही नाही की खालचा मालक बदलला. शिवाय क्युबव्हर्ट नावाचा मधला मार्गही आहे, ज्यात कुबरनेटीसच्या पोटातच अख्खी व्हीएम चालवता येते. म्हणजे प्लॅटफॉर्म एक, पण डेटाबेस आपल्या बंगल्यात.

पण तरी कंटेनरमध्ये जायचंच असेल तर? जा की! मी त्यातला नाही की "डेटाबेस कंटेनरमध्ये कधीच ठेवू नये" म्हणणारा. तो काळ गेला. डॉकर २०१३ साली आलं तेव्हा ते म्हणणं बरोबरच होतं. कंटेनर पुसला की आतला डेटा पुसला. कुबरनेटीसने २०१६ मध्ये डेटा सांभाळणाऱ्या ॲप्ससाठी 'पेटसेट' आणला, त्याच वर्षअखेरीस त्याचं नाव 'स्टेटफुलसेट' केलं, आणि तो पक्का व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं. वेगवेगळ्या कंपन्यांचं स्टोरेज जोडायची एकसारखी पद्धत, सीएसआय, ती पक्की झाली २०१८ च्या शेवटी. २०१८ च्या सुरुवातीला केल्सी हायटॉवरसारखा कुबरनेटीसचा खंदा प्रचारकही डेटाबेसच्या बाबतीत जपून राहा म्हणत होता. आज सात-आठ वर्षांनी तेच वाक्य जसंच्या तसं फेकणं म्हणजे आळस आहे. तिकडे यूट्यूबचा सगळा मायएसक्यूएलचा पसारा व्हिटेस नावाच्या थराआडून गूगलच्या आतल्या कंटेनर यंत्रणेवर, बोर्गवर, कित्येक वर्षं चालला. आणि पोस्टग्रेससाठी क्लाउडनेटिव्ह-पीजी (ईडीबी कंपनीने २०२२ मध्ये मुक्त केलेलं) मी स्वतः वापरतो. मला ते आवडतं.

वेगाचाही प्रश्न नाही. कंटेनर म्हणजे प्रोसेसच, त्यामुळे सीपीयू आणि मेमरीच्या बाबतीत डेटाबेसला फारसा फरक पडत नाही. डिस्कचा वेग खालच्या स्टोरेजवर अवलंबून. ते रद्दड असेल तर व्हीएममध्येही रद्दड.

मग फरक नेमका कुठे? माझ्या मते एकाच ठिकाणी, आणि तोच मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही.

व्हीएमवेअरने २००३ साली व्ही-मोशन नावाची जादू आणली. चालू व्हीएम, मेमरीसकट, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उचलून नेता येते. आतल्या डेटाबेसला क्षणभर उचकी लागल्यासारखं होतं, बस्स. कनेक्शन तुटत नाहीत. खालच्या सर्व्हरची देखभाल करायची, रॅम बदलायची, पॅच मारायचा, तर व्हीएम बाजूला सरकवा, काम करा, परत आणा. वीस वर्षं आपल्या एंटरप्राइझ ॲप्लिकेशन्सना याची सवय लागली आहे. डेटाबेस हलत नाही, पडत नाही, आणि पडलाच तर रविवारी रात्री, आधी मेल पाठवून.

कुबरनेटीसमध्ये पॉड असा उचलून नेता येत नाही. तो इथे मरतो आणि तिथे नव्याने जन्मतो. नोडची देखभाल करायची म्हणजे नोड 'ड्रेन' करायचा, म्हणजे त्यावरचे सगळे पॉड घालवायचे. कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे १४ महिनेच आधार मिळतो. म्हणजे वर्षातून एक-दोनदा तरी प्रत्येक नोड रिकामा करावाच लागणार. लिनक्सचे सुरक्षा पॅच वेगळेच. दर वेळी त्या नोडवरचा मुख्य डेटाबेस बंद होणार आणि दुसरीकडची प्रत मुख्य होणार. त्याला आपण फेलओव्हर म्हणतो.

तेव्हा कंटेनरमध्ये जाणं म्हणजे खरं तर एक करार आहे: फेलओव्हर ही आपत्ती नसून रोजचा व्यवहार आहे, हे मान्य करणं. डेटाबेस हे सहन करतो. पोस्टग्रेसचा चांगला ऑपरेटर ड्रेनच्या वेळी काही सेकंदांत शिस्तीत मुख्यपद दुसऱ्याकडे देतो. (ऑपरेटर म्हणजे इथे माणूस नव्हे, डेटाबेस कसा सांभाळायचा हे ज्यात लिहून ठेवलंय असा प्रोग्राम. २०१६ मध्ये कोअरओएसवाल्यांनी ही कल्पना मांडली.) प्रश्न असतो तो डेटाबेसच्या वर बसलेल्या ॲप्लिकेशनचा. ज्या ॲप्लिकेशनने पंधरा वर्षांत डेटाबेस गेलेला कधी पाहिलाच नाही, त्याला तो गेल्यावर काय करायचं ते कसं माहीत असणार?

आमच्या एका क्लायंटकडे हे डोळ्यांनी पाहिलं. जुनं जावा ॲप्लिकेशन, लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले. चाचणीत आम्ही मुद्दाम मुख्य डेटाबेसच्या नोडची वीज काढली. अर्ध्या-पाऊण मिनिटात दुसरी प्रत मुख्य झाली. डॅशबोर्डवर सगळं हिरवं. प्लॅटफॉर्म टीमने टाळ्यासुद्धा वाजवल्या! पण ॲप्लिकेशन ढिम्म. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. झालं होतं असं की वीज अचानक गेल्यामुळे मेलेल्या मशीनने "मी चाललो" असा निरोप दिलाच नाही. ॲप्लिकेशनच्या कनेक्शन पूलला वाटत होतं पलीकडे कुणीतरी आहे, उत्तर येईल. लिनक्सचं टीसीपी अशा वेळी पुन्हा पुन्हा पाठवून बघत राहतं आणि डीफॉल्ट सेटिंगला साधारण पंधरा मिनिटांनी हार मानतं. नुसतंच गप्प बसलेलं कनेक्शन असेल तर कीप-अलाइव्हची पहिली तपासणी दोन तासांनी! म्हणजे नवा डेटाबेस दारात उभा, आणि हे आपलं जुन्याच पत्त्यावर पत्रं पाठवतंय.

उपाय अवघड नाही. टाइमआउट लावायचे, कनेक्शन वापरण्याआधी तपासायचं, व्यवहार तुटला तर पुन्हा करायचा. पण पुन्हा करायचा म्हणजे कोडला हात लावणं आलं. आणि अर्धवट झालेलं पेमेंट पुन्हा केलं तर दोनदा जाणार नाही ना, हे बघणं आलं. हे काम डेटाबेस टीमचं नाही, प्लॅटफॉर्म टीमचंही नाही. ते ॲप्लिकेशन टीमचं आहे, जिला या प्रोजेक्टच्या एकाही मीटिंगला बोलावलेलं नव्हतं. प्लॅनमध्ये त्यासाठी एक दिवसही धरलेला नव्हता.

त्याच चाचणीत दुसरी गंमत. तिथे एक डेटाबेस एकटाच होता, प्रत नसलेला, साध्या स्टेटफुलसेटवर. व्हीएमवेअरमध्ये अशा वेळी काय होतं? सर्व्हर मेला की त्यावरची व्हीएम थोड्या वेळात दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप उठते. सगळ्यांना तीच अपेक्षा. इथे पॉड 'टर्मिनेटिंग' लिहून तसाच लटकलेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं... हा बिघाड नव्हे. कुबरनेटीसला खात्री नसते की तो नोड खरंच मेलाय की फक्त त्याच्याशी बोलणं तुटलंय. समजा तो जिवंत असला आणि त्याचा जुळा दुसरीकडे उठवला, तर दोघे मिळून एकाच डेटावर लिहितील आणि सत्यानाश होईल. म्हणून स्टेटफुलसेटचा पॉड तो बळेच बदलत नाही, माणसाने येऊन "हो, तो नोड मेलाय" असं सांगायची वाट बघतो. तसं सांगायची नीट सोय, नोडवर खूण करायची, २०२३ च्या १.२८ आवृत्तीत पक्की झाली. वागणं अगदी शहाणपणाचं आहे. फक्त रात्री तीन वाजता ड्यूटीवर असलेल्या पोराला ते माहीत असायला हवं.

बारीकसारीक खड्डेही आहेतच, आणि ते सगळे अशा ठिकाणी की अनुभवी डीबीए तिथे बघणारच नाही, कारण व्हीएममध्ये ते कधी नव्हतेच. डॉकरमध्ये सामाईक मेमरीचा भाग डीफॉल्टने फक्त ६४ एमबीचा. पोस्टग्रेसची मोठी समांतर क्वेरी आली की "जागा नाही" म्हणून कोसळते, आणि माणूस बिचारा डिस्क तपासत बसतो. पॉड बंद करताना कुबरनेटीस डीफॉल्टने ३० सेकंद थांबतो, मग सरळ ठार करतो. मोठ्या डेटाबेसला नीट आवरून झोपायला त्याहून जास्त लागतात. डेटा जात नाही, पण उठल्यावर रिकव्हरीत वेळ जातो. मेमरीचं रेशन ओलांडलं तर लिनक्स पूर्वी एखादी प्रोसेस मारायचा. १.२८ पासून, नवीन सीग्रुप असतील तर, डीफॉल्टने अख्खा कंटेनरच मारतो. पोस्टग्रेसला तसा दोन्हीत मारच, कारण एक प्रोसेस अशी मारली गेली तरी तो सगळी कनेक्शन तोडून स्वतःला सावरतो. पण लॉगमध्ये दिसणारं चित्र वेगळं असतं, आणि शोधणारा चुकीच्या गावाला जातो.

या सगळ्यात माझ्या मते सर्वात घातक खड्डा अक्षरांच्या क्रमाचा. हा जरा सविस्तर सांगतो, कारण तो आवाज न करता खातो.

पोस्टग्रेसला शब्द कुठल्या क्रमाने लावायचे हे बहुतेक वेळा खालची सी लायब्ररी सांगते. इंडेक्स त्याच क्रमाने रचलेला असतो. २०१८ मध्ये ग्लिबसीच्या २.२८ आवृत्तीत हे क्रमाचे नियम बदलले. साधं उदाहरण, इंग्रजी लोकेलमध्ये 'एक डॅश एक' आणि 'अकरा' यांत आधी कोण, याचं उत्तरच उलटलं. आता विचार करा, तुमचे पॉलिसी नंबर किंवा बिल नंबर असे डॅशवाले आहेत. खालची लायब्ररी बदलली, इंडेक्स मात्र जुन्या क्रमाने रचलेला. डेटाबेस इंडेक्समध्ये नव्या नियमाने शोधतो, नको त्या फांदीवर जातो आणि सांगतो, "असा नंबर नाही." नंबर टेबलात आहे! मग युनिक इंडेक्स असूनही तोच नंबर दुसऱ्यांदा घातला जातो. एरर कुठेच नाही. फार तर नव्या आवृत्त्यांत लॉगमध्ये एक वॉर्निंग, जी कुणी वाचत नाही.

व्हीएमच्या जगात हा धोका नव्हता का? होता. पण तिथे ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं हा समारंभ असायचा. चेंज रिक्वेस्ट, मंजुऱ्या, रविवारची रात्र. कंटेनरमध्ये तोच बदल म्हणजे इमेजच्या नावातले चार शब्द. कुणीतरी उत्साही पोरगं "इमेज लहान होते" म्हणून डेबियन काढून अल्पाइन टाकतं (त्यात ग्लिबसीच नाही, मसल नावाची दुसरीच लायब्ररी आहे, तिचा क्रम आणखी वेगळा) आणि मर्ज करून घरी जातं. डेटाबेस चालू होतो. सगळं हिरवं.

आता ज्या मुद्द्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो तो. आपल्या धंद्यात एक उपमा फार चालते, पाळीव प्राणी विरुद्ध गुरं. मायक्रोसॉफ्टच्या बिल बेकरची म्हणतात, रँडी बायसने २०१२ च्या सुमारास गावभर केली. जुने सर्व्हर पाळीव कुत्र्यामांजरांसारखे, त्यांना नावं असायची, आजारी पडले की औषधपाणी. नवे सर्व्हर गुरांसारखे, नंबर मारायचा, आजारी पडलं की गोळी घालायची, दुसरं आणायचं. पेटसेटचं ते 'पेट' यातलंच.

ही उपमा ज्याने काढली त्याने पोळा पाहिलेला नाही. आमच्याकडे बैलाला नाव असतं, सर्जा काय, राजा काय. आदल्या दिवशी खांदेमळणी, पोळ्याला शिंगांना रंग, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास, आणि त्या दिवशी कामाला जुंपणं बंद. बैल आजारी पडला तर घरात चूल पेटत नाही. कारण लाड नव्हे, कारण वर्षाचं पोट त्याच्यावर असतं. कंपनीचा मुख्य डेटाबेस हा असा बैल आहे. शेळ्यामेंढ्यांचा कळप वेगळा नि हा वेगळा.

आणि या बैलाला ओळखणारा एक माणूस असतो. आमच्या त्या क्लायंटकडे पन्नाशी उलटलेले एक डीबीए आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. महिनाअखेरीला दोन जॉब एकमेकांवर आले तर कुठला आधी सोडायचा, कुठल्या टेबलाला चुकूनही दिवसा हात लावायचा नाही, मार्च एंडला रात्री अकरानंतर जागा का फुगते, हे त्यांच्या डोक्यात आहे. प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगला ते नव्हते. दुसऱ्यालाही नव्हते. चौथ्या मीटिंगला त्यांना बोलावून सांगितलं, "सर, आता बॅकअप ऑपरेटरच घेईल, तुम्ही फक्त यॅमल रिव्ह्यू करा." यॅमल म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते काही बोलले नाहीत. घरी जाताना लिफ्टमध्ये मला एवढंच म्हणाले, "अरे, बॅकअप घेईल रे तो. रिस्टोअर कोण करून बघणार?"

या प्रश्नाला मीटिंगमध्ये उत्तर नव्हतं. आणि तो प्रश्न नुसता म्हाताऱ्या माणसाची कुरकुर नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका इंजिनियरकडून चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. मग बॅकअप शोधायला गेले तर पाच वेगवेगळ्या पद्धतींपैकी एकही धड कामाची निघाली नाही. एका पद्धतीत तर बॅकअप घेणारं हत्यार डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं होतं, त्यामुळे रोज निमूटपणे फेल होत होतं. योगायोगाने कुणीतरी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला स्नॅपशॉट सापडला म्हणून वाचले, तरी मधल्या सहाएक तासांचा डेटा गेलाच. त्यांनी हे सगळं मोकळेपणाने जाहीर केलं, म्हणून आपल्याला माहीत. आणि हे व्हीएमवर झालं होतं. म्हणजे रोग प्लॅटफॉर्मचा नव्हेच.

ऑपरेटरमध्ये जे लिहिलेलं असतं ते जगातल्या सगळ्या पोस्टग्रेसना लागू पडणारं ज्ञान. ते उत्तम असतं, कित्येक डीबीएंपेक्षा उत्तम. पण या कंपनीच्या या डेटाबेसबद्दलचं ज्ञान त्यात नसतं, असूच शकत नाही. ते सरांकडे आहे. स्थलांतराच्या निमित्ताने ते लिहून काढायची संधी होती. उलट झालं असं की सर आता स्वेच्छानिवृत्तीची चौकशी करताहेत. बिलात वाचलेले पैसे कोण मोजतं ते माहीत आहे, हे कोण मोजतंय?

दुसऱ्या बाजूनेही बोलतो, नाहीतर मी जुन्याचा भक्त ठरेन. व्हीएमवरचं सगळं सोन्यासारखं होतं असं मुळीच नाही. प्रत्येक व्हीएम हाताने घडवलेली, दोन सारख्या नाहीत, दोन-दोन वर्षं रिबूट न झालेली, आणि त्याचा अभिमान! म्हणजे दोन वर्षं कर्नलचा पॅच नाही, हे कुणी म्हणत नाही. छोट्या पोस्टग्रेसचं तर कंटेनरमध्ये भलं होतं. सगळ्यांची मांडणी गिटमध्ये लिहिलेली, बॅकअप एकाच पद्धतीने ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, टेस्टिंगला ताजी प्रत हवी तर तिकीट टाकून चार दिवस थांबायला नको. आणि गंमत म्हणजे रिस्टोअर करून बघणं इथे सोपं आहे. रोज रात्री कालच्या बॅकअपवरून एक नवा डेटाबेस उभा करा, चार क्वेरी चालवा, पुसून टाका. व्हीएमवर हे करायला कुणाला वेळ नव्हता. सरांच्या प्रश्नाचं उत्तर कंटेनरमध्येच जास्त चांगलं देता येतं, फक्त ते कुणीतरी द्यायला बसायला हवं.

ओरॅकलवाल्यांसाठी मात्र वेगळं. तिथे लायसन्सचा मामला आहे. ओरॅकलच्या धोरणानुसार त्यांच्या डेटाबेसची इमेज ज्या कुबरनेटीस नोडवर उतरली, त्या नोडच्या प्रोसेसरांचं लायसन्स लागतं. नोड ठरवून बांधून टाकले नाहीत तर पॉड आज या नोडवर, उद्या त्या नोडवर, आणि मीटर प्रत्येक ठिकाणी पडणार. व्हीएमवेअरचं बिल वाचवायला निघालेल्याने हे आधी वाचावं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते यालाच.

तिघांना मी शेवटी काय सांगितलं? छोटे पोस्टग्रेस आधी हलवा, ज्यांचे ॲप्लिकेशनवाले फोन उचलतात असे. नोडची वीज काढून बघा, आणि त्या वेळी डेटाबेसकडे न बघता ॲप्लिकेशनच्या स्क्रीनकडे बघा. इमेजचा टॅग बांधून ठेवा. मोठा ओरॅकल व्हीएमवरच राहू द्या, खालचा हायपरव्हायझर बदला हवं तर. मार्च एंडच्या आत कशालाच हात लावू नका. आणि डीबीएला पहिल्या मीटिंगला बोलवा, चौथ्या नाही. मित्राने "हो हो" म्हटलं. मावसभावाने विचारलं, "हे मॅनेजरला दोन ओळींत कसं सांगू?" ते काही मला जमलं नाही.

आमच्या क्लायंटकडची आजची स्थिती अशी: बहुतेक छोटे पोस्टग्रेस कंटेनरमध्ये गेले, व्यवस्थित चाललेत. ते जावा ॲप्लिकेशन अजून व्हीएमवरच्या डेटाबेसशी बोलतं, कारण टाइमआउट लावायला कोडची परवानगी कुणाकडून घ्यायची हे ठरत नाहीये. रात्रीच्या रिस्टोअरचा जॉब मी नि सरांनी मिळून लिहिला, दोन शनिवार गेले. यॅमलमध्ये जागा मोजून सोडायची असते हे पाहून ते म्हणाले, "हे तर आमच्या कोबोलसारखंच आहे की!" रात्री डिस्क भरली तर फोन कुणाला लागणार, स्टोरेज टीमला, प्लॅटफॉर्म टीमला की सरांना, यावर गेले पाच आठवडे मेल चालू आहेत. सध्या तरी तो सरांनाच लागतो.